सल्लागाराचे कार्य : न्याय, अर्थ, परराष्ट्रव्यवहार आणि शिक्षण

खेडेगावात शिक्षकाकडे केवळ मुलेच येतात असे नाही. न्यायालयाचे समन्स हाती पडलेला शेतकरी, विम्याची रक्कम कोठे ठेवावी या विवंचनेत असलेली विधवा, आखाती देशात कामास गेलेल्या मुलाचा दोन महिने निरोप नाही म्हणून व्याकूळ झालेला बाप आणि सातवीनंतर मुलीस पुढे शिकवावे की नाही या विचारात पडलेले आईबाप, हे सारे कधी ना कधी ‘गुरुजी, काय करावे?’ किंवा ‘बाई, तुम्हीच सांगा’ असे म्हणत शाळेच्या ओट्यावर येऊन बसतात. या चार प्रश्नांपैकी पहिला कायद्याचा, दुसरा अर्थव्यवहाराचा, तिसरा परराष्ट्रसंबंधाचा व चौथा शिक्षणाचा आहे. या चारही क्षेत्रांत सल्ला देणे हेच ज्यांचे नेमून दिलेले काम आहे अशी माणसे आहेत. त्यांचे कार्य कोणते, त्यास मर्यादा कोणत्या आणि गावकऱ्यास त्यांच्यापर्यंत कसे पोचविता येईल, हे शिक्षकास नीट माहीत असेल तर एखादे घर बुडण्यापासून वाचते. माहीत नसेल तर सद्हेतूने दिलेला सल्लाही अनर्थास कारण होतो. म्हणून या विषयाचा येथे थोडा विस्ताराने विचार केला आहे.

शब्द आणि परंपरा

सल्लागार ही संस्था आपल्याकडे नवी नाही. ‘मंत्री’ या शब्दाच्या मुळाशी ‘मंत्र’, म्हणजे एकांतात केलेला विचारविनिमय, हाच अर्थ आहे. ज्याच्याशी असा विचार करावयाचा तो मंत्री होय. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक १६७४ साली झाला, त्या वेळी अष्टप्रधानांची व्यवस्था निश्चित स्वरूपात प्रकट झाली. तीत जमाखर्चाचा भार अमात्याकडे, परराज्यांशी असलेल्या व्यवहाराचा भार सुमंताकडे, न्यायनिवाड्याचा भार न्यायाधीशाकडे आणि धर्मकृत्ये, दानधर्म व विद्वानांचा सत्कार यांचा भार पंडितरावाकडे होता. पूर्वीची ‘मुजुमदार’ व ‘डबीर’ ही फारसी नावे जाऊन ‘अमात्य’ व ‘सुमंत’ ही संस्कृत नावे आली ती याच प्रसंगी. न्याय, अर्थ, परराष्ट्रव्यवहार आणि विद्या या चार विषयांत राज्यकर्त्यास जाणत्या माणसांचे साहाय्य लागते, ही जाणीव त्या व्यवस्थेत स्पष्ट दिसते.

‘वकील’ हा शब्दही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. आज वकील म्हटले की काळा डगला घालून न्यायालयात उभा राहणारा मनुष्य डोळ्यांपुढे येतो. परंतु पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्या दरबारी राहणारा आपला प्रतिनिधी. दिल्लीच्या दरबारी मराठ्यांची वकिली हिंगणे घराण्याकडे होती आणि त्या घराण्याचे दप्तर मराठ्यांच्या इतिहासाचे मोठे साधन मानले जाते. ‘दुसऱ्याच्या वतीने बोलणारा’ हा मूळ अर्थ कायम राहिला. केवळ दरबार बदलला. न्यायालयातील वकील आणि परदेशातील राजदूत यांचे नाते या एका शब्दाने सहज उलगडते.

वर्तमानपत्रांतून इंग्रजी वळणाचे काही शब्द येतात व त्यांत गोंधळ होतो. ‘कौन्सिलर’ म्हणजे नगरपालिकेचा वा महानगरपालिकेचा निवडून आलेला सदस्य, अर्थात नगरसेवक. ‘कौन्सेल’ म्हणजे न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडणारा वकील. ‘कॉन्सुल’ म्हणजे परदेशी शहरात आपल्या नागरिकांची कामे पाहणारा वाणिज्यदूत. ‘काउन्सेलर’ या शब्दास दोन अर्थ आहेत: दूतावासातील एक विशिष्ट हुद्दा, आणि शाळेत वा रुग्णालयात मन मोकळे करून घेणारा समुपदेशक. वरच्या वर्गातील मुलांस हे शब्द एकदा फळ्यावर मांडून दाखविल्यास त्यांचे वर्तमानपत्राचे वाचन अधिक सार्थ होईल.

सल्ला आणि निर्णय

सल्लागाराचे पहिले लक्षण असे की, तो निर्णय करीत नाही. निर्णयाचा अधिकार ज्याचा, जबाबदारीही त्याची. या बाबतीत भारतीय राज्यघटनेच्या घडणीतील एक उदाहरण मनन करण्यासारखे आहे. बेनेगल नरसिंह राव यांची १९४६ साली घटना समितीचे घटनात्मक सल्लागार म्हणून नेमणूक झाली. ते समितीचे सभासद नव्हते व त्यांना मतही नव्हते. त्यांनी निरनिराळ्या देशांच्या घटनांचा अभ्यास करून सभासदांसाठी टिपणे तयार केली, आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये २४३ कलमांचा व १३ परिशिष्टांचा पहिला कच्चा खर्डा सिद्ध केला. त्यानंतर ते अमेरिका, कॅनडा, आयर्लंड व इंग्लंड या देशांत जाऊन तेथील कायदेपंडितांशी चर्चा करून आले. त्या खर्ड्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने कलमवार विचार केला. पुढे सभागृहात प्रत्येक कलमावर वाद झाला, दुरुस्त्या झाल्या आणि ३९५ कलमांची घटना संमत झाली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या आपल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी श्रेयाचा वाटा राव यांना मोकळ्या मनाने दिला.

या उदाहरणात सल्लागाराचे सारे गुण एकत्र आढळतात. विषयाचा खोल अभ्यास, अनेक पर्याय पुढे ठेवण्याची तयारी, आणि आपली सूचना बदलली गेली तरी मनात किंतु न धरण्याची वृत्ती, हे ते गुण होत. घटना राव यांच्या खर्ड्यावाचून घडली नसती असे नव्हे. परंतु त्या खर्ड्यामुळे निर्णय करणाऱ्यांचे काम सुकर झाले. चांगल्या सल्ल्याचे मोल एवढेच असते, आणि एवढेही पुष्कळ असते.

न्यायाच्या क्षेत्रात

राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाप्रमाणे अटक झालेल्या कोणत्याही व्यक्तीस आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्याकरवी बचाव करण्याचा हक्क आहे. शासनासही कायद्याचा सल्ला लागतोच. त्यासाठी केंद्रात महान्यायवादी व राज्यात महाधिवक्ता ही पदे घटनेनेच निर्माण केली आहेत. स्वतंत्र भारताचे पहिले महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी १९५० पासून १९६३ पर्यंत हे पद भूषविले.

वकिलाचे काम केवळ न्यायालयात भाषण करण्याचे नाही. कागदपत्रे वाचणे, हक्क कोणता व पुरावा कोणता ते पारखणे, दावा टिकेल की नाही ते आधीच सांगणे आणि शक्य असेल तेथे तडजोडीचा मार्ग दाखविणे, हा त्याच्या कामाचा मोठा भाग आहे. पक्षकाराने वकिलास विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याने बाहेर फोडू नये, असा कायदाच आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे संरक्षण होते, व १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. मात्र एखादे बेकायदा कृत्य पार पाडण्यासाठीच सल्ला मागितला असेल तर हे संरक्षण लागू होत नाही. विश्वासाला मर्यादा असते, हे सूत्र पुढे शिक्षणाच्या क्षेत्रातही आढळेल.

गरिबास वकील कोठून मिळणार, हा प्रश्न ग्रामीण भागात नेहमी विचारला जातो. ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ साली ३९-अ हा अनुच्छेद घटनेत आला व मोफत विधिसाहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या होसकोट खटल्यात १९७८ साली न्यायालयाने असे सांगितले की, तुरुंगातील कैद्यास अपिलासाठी वकील देणे ही कृपा नसून तो त्याचा हक्क आहे. पुढे १९८७ चा विधिसेवा प्राधिकरण कायदा झाला व तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. या कायद्याच्या १२ व्या कलमान्वये स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, कोठडीत असलेले लोक, आपत्तिग्रस्त आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाचा विचार न करता मोफत वकील मिळू शकतो. इतरांस ठरविलेल्या उत्पन्नमर्यादेच्या आत तो मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधिसेवा समिती असते व १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही विचारणा करता येते.

समन्स घेऊन आलेल्या शेतकऱ्यास शिक्षकाने दोनच गोष्टी सांगावयाच्या. एक, समन्स घरात ठेवून स्वस्थ बसू नये. दिवाणी दाव्यात समन्स पोचल्यापासून सामान्यतः ३० दिवसांत लेखी म्हणणे द्यावे लागते, व तारखेस गैरहजर राहिल्यास निकाल एकतर्फी होण्याचे भय असते. दुसरी, तो कागद घेऊन वकिलाकडे वा विधिसेवा समितीकडे तत्काळ जावे. दावा खरा की खोटा, जिंकेल की हरेल, याविषयी शिक्षकाने मत देऊ नये. ते त्याचे क्षेत्र नव्हे.

अर्थाच्या क्षेत्रात

अर्थविषयक सल्ल्याची सर्वांत मोठी व्यवस्था घटनेच्या २८० व्या अनुच्छेदात आहे. केंद्राने गोळा केलेल्या करांतून राज्यांस किती वाटा द्यावा याविषयी शिफारस करण्यासाठी वित्त आयोग नेमला जातो. पहिला आयोग १९५१ साली के. सी. नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींच्या पैशासाठी राज्य वित्त आयोगाचीही तरतूद झाली. दोन्ही आयोग शिफारस करतात. निर्णय अनुक्रमे केंद्रात व राज्यात होतो. जिल्हा परिषदेच्या पातळीवर पाहिले तर १९६१ च्या अधिनियमानुसार १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, आणि तेथे मुख्य लेखा व वित्त अधिकारी हा खर्चाच्या प्रस्तावांवर नियमांच्या दृष्टीने मत देतो. शाळेच्या खोलीच्या दुरुस्तीचा प्रस्ताव त्रुटी काढून परत आला की शिक्षकास राग येतो. परंतु सार्वजनिक पैशाचा विनियोग नियमाप्रमाणे होतो की नाही हे कोणीतरी वेळीच विचारले पाहिजे, व ते विचारणे हेच त्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे.

अर्थतज्ज्ञाचा सल्ला शेतकऱ्याच्या बांधापर्यंत कसा पोचतो, याचे उत्तम उदाहरण प्रवरेच्या काठी घडले. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभारावयाचे ठरविले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी त्या कल्पनेस शास्त्रीय आधार दिला आणि कारखान्याचे पहिले अध्यक्षपदही स्वीकारले. तत्कालीन मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळ मिळाले व १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले. गाडगीळ पुढे १९६७ साली नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. गाडगीळांनी केवळ सल्ला देऊन हात झटकले नाहीत. अध्यक्ष होऊन निर्णयाची जबाबदारीही पत्करली. जो सल्लागार स्वतः जबाबदारी घेतो तो केवळ सल्लागार उरत नाही, तो सहभागी होतो. दोन्ही भूमिका आदरास पात्र आहेत. मात्र आपण कोणत्या भूमिकेत आहोत हे त्याने स्वतः ओळखले पाहिजे व लोकांनाही स्पष्ट सांगितले पाहिजे.

खाजगी व्यवहारात सल्लागार आणि विक्रेता यांतील भेद ओळखणे फार आवश्यक आहे. गुंतवणूक सल्लागारांची नोंदणी करण्याचे नियम ‘सेबी’ने २०१३ साली केले. नोंदणी झालेल्या सल्लागाराने आपल्या ग्राहकाकडून शुल्क घ्यावे व त्याच ग्राहकाच्या गुंतवणुकीवर कंपनीकडून दलाली घेऊ नये, असे त्यांतील तत्त्व आहे. उलट, एजंट हा दलालीवर काम करतो. त्यात गैर काही नाही. परंतु एजंटाचे बोलणे हा निःपक्ष सल्ला नव्हे, हे गावकऱ्यास उमगले पाहिजे. ‘दोन वर्षांत रक्कम दुप्पट’ असे सांगणाऱ्यापासून तर दूरच राहावे. सभासद जोडून पैसे फिरविण्याच्या योजनांवर १९७८ च्या कायद्यानेच बंदी आहे.

विम्याची रक्कम हाती आलेल्या विधवेस काही निश्चित गोष्टी सांगता येतात. बँकेतील ठेवीस, मग ती बँक सहकारी असली तरी, दर बँकेमागे दर ठेवीदारास ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखावरून ५ लाखांवर नेण्यात आली. हे संरक्षण पतसंस्थेतील ठेवीस नाही. पाटीवर नाव मोठे असले तरी ती बँक आहे की पतसंस्था, हे आधी पाहावे. त्याचप्रमाणे, परवान्याविना सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमान्वये गुन्हा आहे, व अशा सावकाराने जमीन बळकावली असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते. यापुढे जाऊन ‘अमुक ठिकाणी पैसे ठेवा’ असे मात्र शिक्षकाने सांगू नये. आणि एखाद्या योजनेत त्याला स्वतःला दलाली मिळणार असेल, तर त्याने त्या विषयात तोंडच उघडू नये. गाव गुरुजींच्या शब्दावर पैसे ठेवते; ते बुडाले तर शाळेवरचा विश्वासही बुडतो.

परराष्ट्रव्यवहाराच्या क्षेत्रात

दूतावासात राजदूत हा प्रमुख असतो. त्याच्या हाताखाली तृतीय सचिव, द्वितीय सचिव, प्रथम सचिव, त्यावर काउन्सेलर व त्याहून वर मिनिस्टर अशी हुद्द्यांची चढती श्रेणी असते. काउन्सेलर हा बहुधा एखाद्या शाखेचा प्रमुख असून राजकारण, व्यापार, संस्कृती यांसारख्या विषयांत राजदूतास मत देतो. १९६१ साली व्हिएन्ना येथे झालेल्या कराराने दूतावासाची कामे सांगितली आहेत. आपल्या राज्याचे प्रतिनिधित्व करणे, आपल्या नागरिकांच्या हिताचे रक्षण करणे, वाटाघाटी करणे, तेथील परिस्थिती कायदेशीर मार्गाने जाणून आपल्या सरकारास कळविणे आणि मैत्री वाढविणे, ही ती कामे होत. परिस्थिती जशी आहे तशी कळविणे हे यांतील सर्वांत अवघड काम. आपल्या सरकारास जे ऐकावयास आवडेल तेच लिहिणारा प्रतिनिधी राष्ट्राची हानी करतो.

१९६३ च्या दुसऱ्या व्हिएन्ना करारात वाणिज्यदूतांचे अधिकार सांगितले आहेत. त्याच्या ३६ व्या अनुच्छेदाप्रमाणे परदेशात अटक झालेल्या मनुष्यास आपल्या देशाच्या वाणिज्यदूताशी संपर्क साधण्याचा हक्क आहे. या हक्काचे महत्त्व महाराष्ट्रातील कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात साऱ्या देशास कळले. नौदलातील या निवृत्त अधिकाऱ्यास मार्च २०१६ मध्ये पाकिस्तानने अटकेत असल्याचे जाहीर केले, आणि एप्रिल २०१७ मध्ये तेथील लष्करी न्यायालयाने मृत्युदंड सुनावला. भारताने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. भारताची बाजू हरीश साळवे यांनी मांडली. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी असा निर्णय दिला की, पाकिस्तानने ३६ व्या अनुच्छेदाचा भंग केला आहे व शिक्षेचा परिणामकारक फेरविचार झाला पाहिजे. शिक्षा रद्द करून सुटका करावी ही भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही. वकील, राजनीतिज्ञ व वाणिज्यदूत या तिघांची कामे एकमेकांत कशी गुंतलेली असतात, ते या एका प्रकरणात दिसते. आपल्या माणसास भेटू देणे, त्यास सल्ला मिळू देणे, ही साधी दिसणारी गोष्ट माणसाच्या प्राणाशी निगडित असू शकते.

कोकणातील व गोव्यातील कितीतरी कुटुंबांचे कर्ते पुरुष बोटीवर वा आखातात काम करतात. निरोप बंद झाला की घरची मंडळी गावातील दलालाकडे धावतात. त्याऐवजी त्या देशातील भारतीय दूतावासाकडे पारपत्राचा क्रमांक, मालकाचे नाव व शेवटचा पत्ता कळवून अर्ज करावा. परराष्ट्र मंत्रालयाने यासाठी २०१५ साली ‘मदद’ नावाची संगणकीय सोयही सुरू केली. शिक्षकाने तो अर्ज नीट लिहून द्यावा. यापेक्षा मोठे साहाय्य त्या क्षणी दुसरे नसते. तसेच, परदेशी नोकरीस निघालेल्या तरुणाने भरती करणारा एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे आधी पाहावे, आणि कराराची प्रत घरी ठेवून जावे, हेही सांगावे.

शिक्षणाच्या क्षेत्रात

शिक्षणात सल्लागार दोन प्रकारचे असतात. पहिला शासनास सल्ला देणारा. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात देशाच्या शिक्षणाचा साकल्याने विचार केला. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. खेड्यातील प्राथमिक शिक्षणाचा प्रत्यक्ष अनुभव गाठीस बांधून ते केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या सल्लागारपदापर्यंत पोचले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी, ही त्या आयोगाची सूचना १९६८ च्या राष्ट्रीय धोरणात स्वीकारली गेली. १९८६ च्या व २०२० च्या धोरणांतही तिचा पुनरुच्चार झाला. सूचना मान्य होणे आणि ती अमलात येणे यांत किती अंतर असते, हे यावरून कळते. तरीही सल्लागाराने योग्य ते सांगून ठेवावे. काळ त्यास पुनःपुन्हा आठवण करून देतो.

दुसरा सल्लागार विद्यार्थ्यास मार्ग दाखविणारा. अमेरिकेत बोस्टन येथे १९०८ साली फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र काढले. स्वतःची पात्रता ओळखा, व्यवसायाच्या अटी जाणून घ्या आणि दोहोंचा मेळ घाला, ही त्यांची पद्धत होती. भारतात १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची गरज सांगितली. कोठारी आयोगाने त्यापुढे जाऊन, मार्गदर्शन हे प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तेपासूनच शिक्षणाचे अंग असावे आणि प्राथमिक शिक्षकास त्याच्या सोप्या पद्धती शिकवाव्यात, असे म्हटले. म्हणजे खेड्यातील शिक्षक हा या अर्थाने सल्लागार आहेच.

वकील व अर्थतज्ज्ञ आपले मत देतात. समुपदेशक मात्र आधी ऐकतो. मुलाने स्वतःची अडचण स्वतःच्या शब्दांत मांडावी, त्यास धीर यावा, आणि आपला मार्ग त्याने स्वतः शोधावा, यासाठी त्याचे साहाय्य असते. वर्गात एकाएकी गप्प झालेले मूल, सुगीच्या दिवसांत गैरहजर राहणारे मूल, ऊसतोडीस आईबापांबरोबर जाणारे मूल, यांना उपदेशाची नव्हे, ऐकणाऱ्याची गरज असते. मुलास मारणे वा त्याचा मानसिक छळ करणे यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मनाई आहे; आणि छडीच्या धाकात असलेले मूल मनातले बोलत नाही, हेही तितकेच खरे.

येथेच विश्वासाच्या मर्यादेचा प्रश्न येतो. मुलाने सांगितलेली घरची गोष्ट शिक्षकाने शिक्षक-कक्षात बोलू नये, हा नियम आहे. परंतु मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे वा होण्याचा संभव असल्याचे कळले, तर गुप्तता पाळता येत नाही. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याच्या १९ व्या कलमान्वये ती गोष्ट पोलिसांस कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, व न कळविणाऱ्यास २१ व्या कलमान्वये शिक्षा होऊ शकते. ‘गावाची बदनामी होईल’, ‘मुलीचे लग्न अडेल’ असे सांगून गप्प बसविणारे लोक भेटतील. अशा वेळी शिक्षकाने मुलाची बाजू सोडू नये. घडलेले खरे की खोटे याचा तपास शिक्षकाने करावयाचा नसून पोलिसांनी करावयाचा आहे. मुलास पुनःपुन्हा प्रश्न विचारून त्रास देऊ नये. बालकांच्या साहाय्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे. बालविवाहाची कुणकुण लागली तरीही याच क्रमांकावर कळविता येते. मनाच्या आजारासंबंधी विचारणा करण्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ सेवा सुरू झाली.

सातवीनंतर मुलीस पुढे शिकवावे की नाही, या प्रश्नाचे उत्तरही ‘शिकवा’ एवढे सांगून भागत नाही. आईबापांची खरी अडचण कोणती ते आधी ऐकावे. पुढची शाळा दूर असेल तर बसचा पास, वसतिगृह, बरोबरीने जाणाऱ्या मुली यांचा विचार करावा. पैशाची अडचण असेल तर आठवीतील राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेसारख्या सोयींची त्या वर्षीची माहिती काढून द्यावी. अडचण नेमकी कळली की निम्मा मार्ग सापडलेला असतो.

शिक्षकाने पाळावयाची पथ्ये

चारही क्षेत्रांतील सल्लागारांच्या कार्याचा विचार केला असता काही समान पथ्ये हाती येतात.

१. आधी पूर्ण ऐकावे. कागद असल्यास तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. तारीख व मुदत प्रथम पाहावी.

२. आपल्यास माहीत आहे तेवढेच सांगावे. ‘हे मला ठाऊक नाही, पण ज्यास ठाऊक आहे त्याचा पत्ता देतो’ असे म्हणण्यात कमीपणा नाही.

३. पर्याय मांडावेत, निर्णय ज्याचा त्यास करू द्यावा. आपला सल्ला मानला नाही म्हणून रुष्ट होऊ नये.

४. ज्या विषयात आपला वा आपल्या नातलगाचा लाभ आहे, त्यात सल्ला देऊ नये.

५. विश्वासाने सांगितलेले जपावे. मात्र बालकाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तेथे कायदा पाळावा.

६. कटू असले तरी खरे तेच सांगावे, आणि ते एकांतात व सौम्य शब्दांत सांगावे.

७. तालुका विधिसेवा समिती, अग्रणी बँक, गटशिक्षणाधिकारी, पोलीस ठाणे व वर दिलेले दूरध्वनी क्रमांक यांची यादी शाळेच्या दर्शनी भागी लावावी व दरवर्षी जूनमध्ये ती तपासून घ्यावी. जुनी माहिती ही चुकीच्या माहितीइतकीच घातक ठरते.

गावाने शिक्षकास हा मान कोणत्याही आदेशाने दिलेला नाही. दोन पिढ्यांना अक्षर शिकविणाऱ्या माणसाच्या शब्दावर लोकांचा विश्वास बसतो, म्हणून ते येतात. मुलाच्या काळजीने आलेला बाप योग्य कचेरीच्या दारापर्यंत पोचला, किंवा एक मुलगी आठवीच्या वर्गात बसली, की त्या विश्वासाचे चीज झाले असे समजावे.

केंद्र पातळीवरील शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत गेल्या वर्षभरात गावकरी कोणत्या प्रकारचे सल्ले मागण्यास आले? त्यांपैकी कोणते शिक्षकाच्या कक्षेबाहेरचे होते?

२. सल्लागार व एजंट यांतील भेद पालकसभेत कोणत्या उदाहरणांनी समजावून देता येईल?

३. मुलाने सांगितलेली गोष्ट केव्हा गुप्त ठेवावी व केव्हा कळवावी, याविषयी शाळेतील सर्व शिक्षकांचे एकमत आहे काय?

४. ‘वकील’ या शब्दाच्या अर्थात झालेला बदल इतिहासाच्या पाठात कसा वापरता येईल?